लाइटवाल्या बटणांचं जॉयस्टिक पॅनल बनवताय? बोर्ड घेण्याआधी दिव्यांचा हिशोब करा



गेल्या वर्षी गणपतीच्या तीन आठवडे आधी माझा मावसभाऊ एक मोठी पिशवी घेऊन घरी आला. पिशवीत दोन जॉयस्टिक, वीस लाइटवाली बटणं, दोन यूएसबी बोर्ड आणि वायरींचा गुंता. बारावीची परीक्षा संपल्यापासून तो इथेच कॅम्प ५ मध्ये एका जीन्सच्या कारखान्यात धागा कटिंग आणि पॅकिंगला जात होता. त्या कमाईतला बराचसा भाग या पिशवीत होता. प्लॅन असा, की दोन जणांचं गेम पॅनल बनवायचं, मंडळात स्पर्धा घ्यायची आणि नंतर वाढदिवसांना भाड्याने द्यायचं. "दादा, प्लायवूड मी कापून आणतो, तू फक्त जोडून दे."

एका रविवारी जोडलं. हबमधून ओटीजीने त्याच्या फोनला लावलं. वीसच्या वीस बटणं पेटली, गेम चालू झाला आणि दोन मिनिटांत स्क्रीनवर मेसेज आला: कंट्रोलर डिसकनेक्ट झाला. काढून परत लावलं, परत तेच. कधी पाच मिनिटांनी, कधी वीस सेकंदांनी. मी सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे मला प्रत्येक दोष सॉफ्टवेअरमध्येच दिसतो. दोन रात्री मी अॅपच्या सेटिंग, फोनचे लॉग आणि बटणांचं मॅपिंग चाळत बसलो. भाऊ तोपर्यंत मोबाइलवर परदेशी एलईडी कंट्रोलर बोर्ड बघत होता. "हा घेतला की होईल ना?" त्या बोर्डाच्या किमतीत त्याचं उरलेलं सगळं सेव्हिंग गेलं असतं.

तिसऱ्या दिवशी मी मल्टिमीटर लावला. दिवे काढलेले असताना बोर्डावर ४.९ व्होल्ट. दिवे जोडल्यावर ४.२. तिथेच उत्तर होतं, आणि ते कुठल्याही नव्या बोर्डात नव्हतं.

अशा पॅनलबद्दल मला बरेच जण "कुठला बोर्ड घेऊ?" एवढंच विचारतात. म्हणून हा लेख जरा सविस्तर लिहितोय.

बटण एक, कामं दोन

लाइटवालं बटण हे खरं तर दोन वेगळ्या वस्तूंचं पॅकेट आहे. एक मायक्रोस्विच आणि एक दिवा. मागे बघितलं तर सहसा चार पत्र्या दिसतात, दोन स्विचच्या आणि दोन एलईडीच्या. दोघं एकाच प्लास्टिकच्या नळीत राहतात, पण इलेक्ट्रिकली त्यांचा एकमेकांशी काहीच संबंध नसतो.

स्विचचं काम अगदी हलकं असतं. बोर्डाची प्रत्येक इनपुट पिन एका मोठ्या रेझिस्टरमधून प्लस व्होल्टेजला बांधलेली असते. बटण दाबलं की ती पिन ग्राउंडला टेकते आणि बोर्डाला कळतं. रेझिस्टर १० किलोओहमचा धरला, तर ५ व्होल्टला वाहणारा करंट होतो फक्त अर्धा मिलिअँपिअर. जॉयस्टिक म्हणजेही चार दिशांचे चार मायक्रोस्विच, दुसरं काही नाही. मायक्रोस्विचला तीन टर्मिनल असतील, तर कॉम आणि एनओ या दोनच वापरायच्या. एनसीवर वायर लावली, तर न दाबताच बटण दाबलेलं राहतं.

दिव्याला मात्र साधारण २० मिलिअँपिअर लागतात. म्हणजे एक दिवा पेटवायला एका स्विचच्या ४० पट करंट. वीस बटणं असतील, तर स्विचच्या बाजूला सगळी एकदम दाबली तरी १० मिलिअँपिअर आणि दिव्यांच्या बाजूला ४००. बोर्डाचं वर्णन वाचताना आपण "१२ बटणं सपोर्ट करतो" हे बघतो. तो आकडा स्विचचा आहे. दिव्यांबद्दल त्यात अक्षरही नसतं.

जुन्या व्हिडिओ गेम पार्लरमध्ये हा गोंधळच नव्हता. माझ्या लहानपणी गल्लीतल्या पार्लरमध्ये 'मुस्तफा' असायचा, म्हणजे कॅपकॉमचा १९९३ चा 'कॅडिलॅक्स अँड डायनासॉर्स', आपल्याकडे सगळे त्याला त्यातल्या एका पात्राच्या नावानेच ओळखतात. त्या काळातल्या बऱ्याच मशीनमध्ये जामा नावाचं वायरिंग असायचं. १९८५ मध्ये जपानमध्ये ठरलेलं हे स्टँडर्ड, ५६ पिनांचा एक मोठा कनेक्टर. प्रत्येक बटणाला स्वतःची पिन आणि सगळ्यांना मिळून ग्राउंड. ५ आणि १२ व्होल्ट आत बसवलेल्या दणकट पॉवर सप्लायमधून यायचे. आपण ते खोकं काढून टाकलं, त्या जागी फोन लावला आणि फोनने पॉवर सप्लायचंही काम करावं अशी अपेक्षा ठेवली.

यूएसबी २.० च्या नियमानुसार, जोडल्या जोडल्या उपकरणाने १०० मिलिअँपिअरच्या वर जायचं नाही, आणि ओळखपाळख झाल्यावर जास्तीत जास्त ५०० मागायचे. तेही पीसीच्या पोर्टवर. फोन ओटीजीवर किती देईल हे त्या फोनवर अवलंबून असतं, आणि ते देताना तो स्वतःचीच बॅटरी संपवत असतो. आमच्या पॅनलवर एक दिवा साधारण १८ मिलिअँपिअर घेत होता. वीस दिव्यांचे ३६०, वर दोन बोर्ड आणि हबचा खर्च. फोन काही वेळ ओढायचा आणि मग पोर्टच बंद करून टाकायचा. गेमला वाटायचं कंट्रोलर निघाला.

"झिरो डिले" म्हणजे खरंच झिरो?

भावाकडचे दोन्ही बोर्ड "झिरो डिले" नावाने मिळणारे होते. ऑनलाइन जॉयस्टिक किट मागवलं की बहुतेक वेळा हाच येतो. छोटा हिरवा किंवा काळा बोर्ड, कडेने दोन-दोन पिनांचे पांढरे सॉकेट, जॉयस्टिकसाठी पाच पिनांचा वेगळा सॉकेट. सोल्डरिंग नको, कोडिंग नको, केबल खोचली की गेमपॅड तयार. सुरुवात करणाऱ्याला वाईट नाही.

पण नावावर जाऊ नका. आम्ही उल्हासनगरवाले, "मेड इन यूएसए" म्हणजे "उल्हासनगर सिंधी असोसिएशन" हा विनोद ऐकत मोठे झालोय. लेबल काय म्हणतं आणि वस्तू काय आहे, हे दोन वेगळे प्रश्न असतात हे आम्हाला शिकवावं लागत नाही.

यूएसबी उपकरण स्वतःहून बोलत नाही. पीसी किंवा फोन ठरावीक वेळाने त्याला विचारतो, "काही नवीन?" याला पोलिंग म्हणतात. लो-स्पीड यूएसबी उपकरणाने स्पेसिफिकेशनप्रमाणे १० मिलिसेकंदांपेक्षा कमी वेळ मागता येत नाही. फुल-स्पीड उपकरण १ मिलिसेकंद मागू शकतं, पण मागायलाच हवं असं नाही. स्वस्त बोर्डांत हा वेळ बऱ्याचदा ८ ते १० असतो. दर ८ मिलिसेकंदांनी विचारणा होत असेल, तर तुमची दाब सरासरी ४ मिलिसेकंद रांगेत उभी राहते. १ मिलिसेकंदावर हाच आकडा अर्धा मिलिसेकंद होतो. त्यात स्विचची थरथर भरा. मायक्रोस्विच बंद होताना पत्री काही मिलिसेकंद उडते, आणि एक दाब चार दाबांसारखी दिसू नये म्हणून बोर्ड थोडं थांबतो. चांगलं फर्मवेअर पहिल्या स्पर्शालाच "दाबलं" कळवतं आणि थरथर नंतर गाळतं. साधं फर्मवेअर आधी थांबतं, मग कळवतं.

हे किती महत्त्वाचं? ६० फ्रेमच्या गेममध्ये एक फ्रेम १६.७ मिलिसेकंदांची. फायटिंग गेम सीरियसली खेळणाऱ्याला चार-सहा मिलिसेकंद म्हणजे कधीकधी एक फ्रेम हुकणं. घरात गंमत म्हणून खेळणाऱ्याला ते जाणवणारही नाही. आणि फोनची स्क्रीन वायफायने टीव्हीवर कास्ट करून खेळणार असाल, तर बोर्डाची चर्चा सोडाच. कास्टिंगचा लॅग कुठल्याही बोर्डापेक्षा कितीतरी जास्त असतो. एचडीएमआय केबल लावा, टीव्हीत गेम मोड असेल तर चालू करा, मग बोर्डाच्या मिलिसेकंदांकडे बघा.

या बोर्डाचा मला खरा त्रासदायक वाटणारा दोष वेगळाच आहे. दोन सारखे बोर्ड लावले की सिस्टिमला दोघांची ओळख एकच दिसते. सीरियल नंबर नसतो. त्यामुळे आज जो प्लेअर वन आहे तो उद्या रीस्टार्टनंतर प्लेअर टू होऊ शकतो. स्पर्धेत हे झालं तर भांडण ठरलेलं. उपाय साधा, पण शिस्तीचा आहे. दोन्ही केबलींवर टेप लावून १ आणि २ लिहायचं, हबचे पोर्ट ठरवून ठेवायचे, आणि आधी १ लावायचा, मग २.

मग पर्याय काय आहेत?

आज मला रिकाम्या पिशवीने सुरुवात करायची असती, तर मी प्रत्येक खेळाडूसाठी एक रास्पबेरी पाय पिको घेतला असता. जानेवारी २०२१ मध्ये हा ४ डॉलरला आला आणि या छंदाचं गणितच बदललं. त्यावरच्या आरपी२०४० चिपच्या २६ पिना आपल्याला मिळतात. एका खेळाडूच्या जॉयस्टिकच्या ४, आठ बटणं, स्टार्ट, कॉइन धरून १४ होतात, तरी पिना उरतात. त्यावर जीपी२०४०-सीई नावाचं मोफत, ओपन सोर्स फर्मवेअर टाकता येतं. कोडची एक ओळ लिहावी लागत नाही. पिकोवरचं बूटसेल बटण दाबून ठेवून केबल लावा, पीसीवर पेन ड्राइव्हसारखा दिसेल, त्यात यूएफ२ फाइल कॉपी करा, झालं. नंतर स्टार्ट दाबून ठेवून केबल लावली, की ब्राउझरमध्ये १९२.१६८.७.१ या पत्त्यावर सेटिंगचं पान उघडतं. पत्ता अर्थातच इंग्रजी आकड्यांत टाकायचा. पोलिंग १ मिलिसेकंदाचं. पीसीसाठी एक्सइनपुट, साधा गेमपॅड किंवा कीबोर्ड, हवा तो मोड निवडता येतो.

फक्त पिकोची एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. त्याच्या पिना ३.३ व्होल्टच्या आहेत. बटणाच्या मागे वायर लावताना चुकून एलईडीचा ५ व्होल्ट स्विचच्या पत्रीवर गेला, तर ती पिन मरू शकते, कधी पूर्ण चिप. चार पत्र्यांमधल्या कुठल्या दोन स्विचच्या हे मल्टिमीटरच्या बीपवर तपासल्याशिवाय एकही वायर खोचू नका. आणि पिकोच्या पिनेवर थेट बटणाचा दिवा लावायचा मोह टाळा. एका पिनेचं सेटिंग जास्तीत जास्त १२ मिलिअँपिअरचं, आणि सगळ्या पिनांची मिळून मर्यादा ५०. म्हणजे वीस दिवे सोडा, तीनच पूर्ण प्रकाशात पेटवले तरी आपण रेषेच्या बाहेर.

अर्डुइनो आवडणाऱ्यांनी प्रो मायक्रो किंवा लिओनार्डो घ्यावा. त्यातली एटीमेगा३२यू४ चिप स्वतः कीबोर्ड किंवा गेमपॅड बनू शकते. इथे दरवर्षी कुणीतरी फसतो. कॉलेजच्या प्रोजेक्टमधून उरलेला अर्डुइनो उनो किंवा नॅनो घरात असतो आणि वाटतं तोच वापरू. त्यांच्यात यूएसबीचं काम वेगळी चिप करते. ती फक्त सीरियल पोर्ट म्हणून दिसते, गेमपॅड म्हणून नाही. जुगाड आहेत, पण त्या वेळात प्रो मायक्रोचे पैसे वसूल होतात.

दुसरा फुकटचा मोह म्हणजे भंगारातला जुना कीबोर्ड उघडून त्याचा बोर्ड वापरणं. मीही शाळेत असताना केलंय. कीबोर्डमध्ये प्रत्येक कळीला वेगळी पिन नसते, रांगा आणि स्तंभांची जाळी असते. जाळीच्या एका चौकोनाचे तीन कोपरे एकदम दाबले, तर चौथाही दाबल्यासारखा दिसतो. चांगल्या कीबोर्डला हे कळतं, म्हणून तो तिसरी कळच गिळून टाकतो. टायपिंग करताना असं क्वचित होतं. दोन खेळाडू तिरकी जॉयस्टिक धरून बटणं बडवत असताना सतत होतं. प्रत्येक स्विचला डायोड लावून हे टाळता येतं, पण कीबोर्डच्या बोर्डात ते बसवणार कुठे?

कीबोर्ड म्हणून काम करणाऱ्या कुठल्याही बोर्डाला अजून एक प्रश्न विचारा: एकदम किती कळी पाठवतो? साध्या यूएसबी कीबोर्डच्या रिपोर्टमध्ये शिफ्ट-कंट्रोलसारख्या कळी सोडल्या तर फक्त ६ मावतात. दोन खेळाडूंची तिरकी जॉयस्टिक मिळून ४, उरल्या दोन. दोघांनी मिळून तिसरं बटण दाबलं की ते हरवलं. म्हणून दोन जणांच्या पॅनलला शक्यतो गेमपॅड मोड किंवा सहापेक्षा जास्त कळी पाठवणारा बोर्ड.

परदेशात या कामासाठी अल्टिमार्कचे आय-पॅक बोर्ड अनेक वर्षं वापरले जातात. आय-पॅक २ ला ३२ इनपुट, आय-पॅक ४ ला ५६. बोर्ड उत्तम आहेत यात शंका नाही. पण बाहेरून मागवायचं म्हणजे बोर्डाच्या किमतीवर शिपिंग आणि कस्टम. विद्यार्थ्याच्या बजेटमध्ये मी सुचवणार नाही.

दिव्यांसाठी वेगळा बोर्ड कधी लागतो?

आता भावाच्या त्या प्रश्नाकडे येतो. एलईडी कंट्रोलर घ्यायचा का? आधी स्वतःला विचारा, दिव्यांनी करायचं काय आहे?

फक्त पेटून राहायचं असेल, तर कुठलाच बोर्ड लागत नाही. पॉवर सप्लाय आणि वायर, एवढंच.

प्रत्येक गेमला लागणारीच बटणं आपोआप पेटावीत, किंवा गेममधल्या घटनेवर दिवे लुकलुकावेत असं वाटत असेल, तर कंट्रोलर हवा. अल्टिमार्कचा पॅकएलईडी६४ हा ६४ दिवे चालवतो. आय-पॅक अल्टिमेट आय/ओमध्ये ४८ इनपुट आणि ९६ एलईडी आउटपुट एकाच बोर्डावर आहेत. ९६ ऐकून भारी वाटतं, पण आरजीबी बटणाला लाल, हिरवा, निळा असे तीन आउटपुट लागतात. म्हणजे ३२ बटणं. जुना एलईडी-विझ ३२ आउटपुटचा आहे, तिथे आरजीबी बटणं दहाच बसतात.

स्वतः बनवायचं असेल, तर बोर्डाची पिन आणि दिवा यांच्यामध्ये ड्रायव्हर घाला. यूएलएन२८०३ ही आठ चॅनेलची चिप लॅमिंग्टन रोडला सहज मिळते, आपल्याकडच्या बहुतेक प्रोजेक्टवाल्यांनी ती वापरलेली असते. एक गोम आहे. ही चिप चालू असताना स्वतः साधारण एक व्होल्ट खाते. १२ व्होल्टच्या दिव्याला फरक पडत नाही. ५ व्होल्टच्या दिव्याला उरतात चार. लाल दिवा चालून जातो, निळा आणि पांढरा मरगळलेला दिसतो, कारण त्यांना मुळातच ३ व्होल्टच्या आसपास लागतात. ५ व्होल्टवर लॉजिक-लेव्हल मॉस्फेट बरा.

तिसरा मार्ग म्हणजे डब्ल्यूएस२८१२बी. गणपतीच्या डेकोरेशनमध्ये धावणाऱ्या रंगांची जी एलईडी पट्टी दिसते, तिच्यात बऱ्याचदा हीच जात असते. प्रत्येक एलईडीत छोटी चिप, आणि कितीही दिवे असोत, बोर्डाची एकच डेटा पिन लागते. जीपी२०४०-सीईला हे दिवे आधीपासून चालवता येतात, त्यामुळे पिको घेतला तर वेगळा कंट्रोलर वाचतो. पण हिशोब विसरू नका. एक एलईडी पूर्ण पांढरा पेटला तर साधारण ६० मिलिअँपिअर घेतो. वीस म्हणजे १.२ अँपिअर. ब्राइटनेस सेटिंगमध्ये खाली आणा, अंधाऱ्या मंडपात पूर्ण प्रकाश डोळ्यांत घुसतोच. शिवाय ५ व्होल्टवर चालणाऱ्या या एलईडीला डेटाची पातळी ३.५ व्होल्ट हवी असते आणि पिको देतो ३.३. बऱ्याचदा चालतं. चाललं नाही आणि रंग वेडेवाकडे झाले, तर मध्ये ७४एएचसीटी१२५ टाका.

दिवे विकत घेताना त्यावरचा व्होल्टेज वाचा. एकसारख्या दिसणाऱ्या बटणांत ५ चा आणि १२ चा असे दोन्ही दिवे मिळतात. १२ चा दिवा ५ वर मिणमिणतो किंवा पेटतच नाही, ५ चा १२ वर एकदाच छान पेटतो. दिव्यात रेझिस्टर आधीच बसवलेला असेल तर बाहेरून नको. साधा उघडा एलईडी असेल तर लावावाच लागतो. ५ व्होल्टवर १० मिलिअँपिअरसाठी लाल असेल तर ३३० ओहम, निळा-पांढरा असेल तर २२०.

फोनवर खेळणाऱ्यांसाठी

अँड्रॉइडमध्ये गेमपॅडचा सपोर्ट ३.१ व्हर्जनपासून आहे, त्यामुळे ओटीजी चालणाऱ्या फोनवर असा बोर्ड सहसा लगेच ओळखला जातो. पण फोनने ओळखला म्हणून गेम ओळखेलच असं नाही. फक्त टचसाठी लिहिलेला गेम गेमपॅडकडे ढुंकूनही बघत नाही, आणि तिथे कुठलाही महाग बोर्ड मदत करत नाही. तुमचा गेम कंट्रोलर घेतो का, हे आधी मित्राचा कुठलाही गेमपॅड लावून बघा. वायरचा असला तर उत्तम.

फोनच्या पोर्टमधून दिवे पेटवू नका. बोर्ड फोनवर, दिवे बाहेरच्या सप्लायवर. किंवा स्वतःचा अॅडॅप्टर असलेला हब वापरा.

आम्ही शेवटी काय केलं

परदेशी बोर्ड मागवला नाही. भावाचे दोन्ही बोर्डही बदलले नाहीत. त्या बोर्डांच्या केबलमधून स्विच आणि दिवा दोघांच्याही वायरी एकत्र येत होत्या. आम्ही प्रत्येक बटणामागून फक्त दिव्याच्या दोन वायरी काढल्या आणि दिव्यांची वेगळी माळ केली. सगळे दिवे समांतर, म्हणजे सगळ्यांचा प्लस एकत्र, सगळ्यांचा मायनस एकत्र.

सप्लाय म्हणून घरात पडलेला जुना ५ व्होल्ट, २ अँपिअरचा फोन चार्जर. चौकोनी मोठ्या यूएसबी पोर्टचाच घ्या. दोन्ही टोकांना सी टाइप असलेली केबल कापली तर काही चार्जर समोर ओळखीचं उपकरण दिसल्याशिवाय व्होल्टेजच सोडत नाहीत. जुन्या केबलचं दुसरं टोक कापलं, लाल म्हणजे प्लस, काळा म्हणजे ग्राउंड हे मीटरने खात्री करून जोडलं, पांढरी आणि हिरवी वायर टेप लावून बाजूला. मध्ये १ अँपिअरचा फ्यूज. मंडळात लहान मुलं हात घालणार, त्यामुळे उघड्या स्क्रूचा २३० व्होल्टवाला एसएमपीएस पॅनलच्या आत ठेवायचा नाही, हे मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

दिव्यांचं सर्किट बोर्डापासून पूर्ण वेगळं असल्यामुळे आमच्याकडे ग्राउंड जोडायचाही प्रश्न आला नाही. तुम्ही बोर्डाच्या पिनेने ड्रायव्हरमार्फत दिवे चालवणार असाल, तर मात्र बोर्डाचा ग्राउंड आणि बाहेरच्या सप्लायचा ग्राउंड एकत्र जोडावाच लागतो, नाहीतर सिग्नलला परतीची वाटच नसते. ५ व्होल्टच्या दोन प्लस वायरी मात्र एकमेकांना कधीही जोडायच्या नाहीत, कारण त्या जोडल्या तर अॅडॅप्टर तुमच्या फोनच्या पोर्टमध्ये उलटा करंट ढकलू शकतो.

राहिला प्रश्न गेमप्रमाणे दिवे बदलण्याचा. स्पर्धा 'स्ट्रीट फायटर २' ची होती, कॅपकॉम आर्केड स्टेडियममधून विकत घेतलेली. इंटरनेटवरून रॉम उतरवून मंडळात लावायला माझा विरोध होता आणि आहे. त्या गेमला सहा बटणं लागतात, पॅनलवर प्रत्येकाकडे आठ. उरलेली दोन पेटलेली राहिली की नवखा माणूस तीच दाबत बसतो. भाऊ म्हणाला, "कंट्रोलर बोर्ड नाही, मग कसं करायचं?" प्रत्येकाच्या शेवटच्या दोन बटणांच्या, म्हणजे चारही दिव्यांच्या प्लसची वायर वेगळी काढली आणि प्लायवूडच्या मागे बसवलेल्या एका साध्या टॉगल स्विचवरून नेली. स्विच खाली, सहा पेटतात. वर, आठ.

फोनऐवजी मंडळात एक जुना लॅपटॉप लावला, एचडीएमआयने टीव्हीला. दिवे जोडलेले असताना बोर्डावर मीटर ४.९ दाखवत होता. डिसकनेक्टचा मेसेज परत दिसला नाही.

दुसऱ्या रात्री प्लेअर टूची लाथ लागेना. विरुद्ध बाजूच्या पोरांनी चीटिंगचा आरोपही करून टाकला. भावाने मागचं दार उघडलं, तर मायक्रोस्विचवरची एक क्लिप सैल होऊन लोंबत होती. जोरात बडवल्या जाणाऱ्या बटणाची क्लिप पक्कडीने हलकीशी दाबून मगच खोचायची, हे मी त्याला सांगायला विसरलो होतो. तुमच्या पॅनलला सगळ्या क्लिपा आधीच दाबून घ्या, आणि मंडपात जाताना खिशात एक छोटी पक्कड ठेवा.